मुंबईच्या टांकसाळीतली ऑस्ट्रियाची राणी

तळहातावर दोन नाणी शेजारी शेजारी ठेवून बघतो आहे. पहिलं ओळखीचं, लक्ष्मीपूजनाला देवघरातून बाहेर निघणारा राणीछाप रुपया. वजन तोळाभर, व्हिक्टोरियाचा मुखडा झिजून गुळगुळीत झालेला. दुसरं त्याहून बरंच मोठं आणि जड, अडीच तोळ्यांना थोडंसंच कमी. त्यावरही राणीच आहे. पण ही प्रौढ, भरल्या अंगाची, डोक्यावरून मागे विधवेची ओढणी सोडलेली. नाव मारिया थेरेसा. साल १७८०.

या सालावरून नाणं कधीचं ते मात्र सांगता येत नाही. ते १७८० मध्ये पाडलेलं असेल, १८६७ मध्ये असेल, गेल्या वर्षीही असेल. चेहरा तोच, वजन तेच, साल तेच. व्हिएन्नात पाडलेलं असेल, तसंच रोम, पॅरिस किंवा लंडनमध्येही. आणि मुंबईतही असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत, फोर्टातल्या सरकारी टांकसाळीत या राणीची सुमारे १ कोटी ८८ लाख नाणी पाडली गेली. तेव्हा ती राणी जाऊन एकशे साठ वर्षं झाली होती आणि तिचं साम्राज्यही नकाशावरून पुसलं गेलं होतं. तरीही इंग्रजांना मुंबईत तिचंच नाणं पाडावं लागलं. ते का, हे समजायला आधी नाणं जवळून पाहायला हवं.

दर्शनी बाजूला राणीचा उजवीकडे बघणारा अर्धपुतळा आहे. केसांवर रत्नजडित पट्टी, त्यावरून मागे गेलेली ओढणी, खांद्याशी वस्त्र धरून ठेवणारी मोत्यांची पिन. ही ओढणी केवळ शोभेची नाही. मारिया थेरेसाचा नवरा, सम्राट फ्रान्सिस, १७६५ मध्ये वारला. त्यानंतर पंधरा वर्षं, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, तिने शोकाची वस्त्रं उतरवली नाहीत आणि नाण्यावरही ती तशीच आली. भोवती लॅटिन अक्षरांत तिच्या पदव्या आहेत: देवाच्या कृपेने रोमन सम्राज्ञी, हंगेरी आणि बोहेमियाची राणी. खांद्याखाली बारीक दोन अक्षरं, एस आणि एफ. ही ग्युंट्सबर्गच्या टांकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांची, शोब्ल आणि फाबी यांची आद्याक्षरं. त्या दोघांना स्वप्नातही वाटलं नसेल की आपली अक्षरं अडीचशे वर्षं जगभर फिरतील.

मागच्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड पंख पसरून उभा आहे. त्याच्या छातीवरच्या ढालीत हंगेरी, बोहेमिया, बर्गंडी अशा प्रदेशांची चिन्हं आहेत, वर मुकुट आहे. इथल्या अक्षरांत पदव्यांची उरलेली यादी संपते आणि शेवटी १७८० येतं. सालाच्या पुढे एक छोटी तिरपी फुली आहे. कडेवरही उठावदार अक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ आहे ‘न्याय आणि दया’. हे राणीचं ब्रीद होतं. त्या अक्षरांचा आणखी एक उपयोग होता. नाण्याची कड कातरून चांदी चोरण्याची खोड जगात सगळीकडे होती. कडेवर अक्षरं असली की एक कण जरी कापला तरी अक्षर तुटतं आणि चोरी उघडी पडते.

या नाण्याला थालर म्हणतात. हा शब्द मूळचा बोहेमियाच्या डोंगरांतला. सोळाव्या शतकात तिथे योआखिम्सथाल नावाच्या खोऱ्यात चांदीची मोठी खाण सापडली आणि १५२० च्या सुमारास त्या चांदीची जाड, जड नाणी निघू लागली. जर्मन भाषेत ‘थाल’ म्हणजे दरी, म्हणून दरीतल्या त्या नाण्याला थालर नाव पडलं. पुढे याच शब्दाचा डॉलर झाला.

मारिया थेरेसा १७४० मध्ये गादीवर आली. त्याच वर्षी पुण्यात नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. वारसा स्त्रीला मिळाला म्हणून शेजारच्या राजांनी तिच्या मुलखावर हात टाकला आणि तिला राज्याच्या सुरुवातीलाच युद्धात उतरावं लागलं. युद्धाला पैसा लागतो, आणि पैशाला भरवशाचं नाणं. १७५३ मध्ये तिने बव्हेरियाशी करार करून थालरचं माप पक्कं केलं: कोलोनच्या एका मार्क वजनाच्या शुद्ध चांदीतून दहा थालर. त्या हिशेबाने एका नाण्याचं वजन २८ ग्रॅमच्या किंचित वर जातं. त्यात सहापैकी पाच भाग चांदी, एक भाग तांबं. शुद्ध चांदी जवळपास २३.४ ग्रॅम. हे माप तेव्हा ठरलं आणि आजतागायत बदललेलं नाही.

युरोपात थालर बरेच होते. हेच नाणं समुद्रापार का गेलं, याचं उत्तर कॉफीत आहे. अठराव्या शतकात युरोपातल्या शहरांना कॉफीचं वेड लागलं आणि चांगली कॉफी यायची ती येमेनमधून, मोखा बंदरातून. येमेनच्या शेतकऱ्याला युरोपचं कापड, घड्याळं वा आरसे नको होते, त्याला चांदी हवी होती. म्हणून ट्रिएस्ते, लिव्होर्नो, मार्सेय अशा बंदरांतून थालरच्या पेट्या निघत. इजिप्तमार्गे तांबड्या समुद्रात उतरत आणि जेद्दा, मोखा करत डोंगरातल्या बाजारांपर्यंत पोचत. पलीकडच्या किनाऱ्यावर इथिओपियाची कॉफी, हस्तिदंत, कातडी यांचा व्यापार त्याच नाण्यावर चाले. माणसांचा व्यापारही त्यावर चालला. बंदरांत गुलाम विकले जात होते आणि त्यांची किंमतही याच चांदीत मोजली जात होती, हे लिहिलंच पाहिजे.

२९ नोव्हेंबर १७८० रोजी राणी गेली. रीतीप्रमाणे नव्या राजाचा, तिचा मुलगा योसेफ याचा मुखडा नाण्यांवर यायला हवा होता, आणि ऑस्ट्रियात तो आलाही. तांबड्या समुद्राकाठी मात्र लोक नवं नाणं घेईनात. त्यांना ओळखीची बाई हवी होती. मग ऑग्सबर्गच्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून ग्युंट्सबर्गच्या टांकसाळीने जुन्याच ठशाने, जुन्याच सालाने नाणी पाडायला सुरुवात केली. साल बदललं असतं तर गिऱ्हाईक बिचकलं असतं, म्हणून १७८० तिथेच थांबलं. पुढे १८०५ मध्ये ग्युंट्सबर्ग ऑस्ट्रियाच्या हातून गेलं, पण तिथला ठसा चालूच राहिला. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफने फर्मान काढून त्याला व्यापारी नाण्याचा दर्जा दिला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियात त्याचं चलन बंद झालं. आपल्या देशात ज्याने भाजी घेता येत नाही आणि परदेशात ज्यावर सगळा बाजार उभा आहे, असं हे नाणं झालं. आज ‘बुलियन कॉइन’ म्हणतात ते हेच: किंमत चांदीच्या वजनात, आणि वजनाची हमी छापात.

ती छाप कशी पारखली जायची, हे बघण्यासारखं आहे. सराफ नाणं आधी दगडावर वाजवून ऐकत असे. मग बोटाने पिनेतले मोती आणि केसांच्या पट्टीवरचे ठिपके मोजले जात. ते स्पष्ट नसले, पुसट झाले असले, तर नाणं परत. खांद्याखालची एस आणि एफ ही अक्षरं नीट उठलेली हवीत. लॅटिन कुणाला वाचता येत नव्हतं, ऑस्ट्रिया कुठे आहे हेही बहुतेकांना ठाऊक नव्हतं. तरी नाण्याचा चेहरा प्रत्येकाला पाठ होता. अरबस्तानात त्याला ‘रियाल फ्रान्सी’ म्हणत, म्हणजे फिरंग्यांचा रियाल. गरुडामुळे कुठे ‘पक्ष्याचा बाप’ असंही नाव पडलं. इथिओपियात ते ‘बिर’ झालं, म्हणजे नुसतं चांदी. आज त्या देशाच्या चलनाचं नाव बिर आहे, ते या नाण्यामुळेच. मोठ्या व्यवहाराला बिर आणि सुट्ट्याला ‘आमोले’ म्हणजे मिठाच्या वड्या, असा तिथला बाजार चाले. सोनं आणि कस्तुरीसारखा सुगंधी ऐवज तोलायला वजन म्हणूनही थालरच वापरला जाई.

इथिओपियाच्या सम्राट मेनेलिकने या नाण्याची सद्दी मोडून बघितली. १८९४ पासून त्याने पॅरिसमध्ये स्वतःच्या मुखड्याची नाणी पाडून घेतली. वजन जवळजवळ थालरएवढंच, चांदी तेवढीच, वर इथिओपियाचा सिंह. याच मेनेलिकने पुढे दोनच वर्षांत आडोवाच्या रणात इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. पण बाजारात त्याला परक्या राणीपुढे माघार घ्यावी लागली. लोक त्याची नाणी घ्यायला तयार नव्हते, घेतली तर बट्टा लावून. राजाचा हुकूम होता, चांदीही खरी होती, पण तीन-चार पिढ्यांनी पारखून घेतलेला चेहरा त्या नाण्यावर नव्हता. बाजाराला विश्वास ठेवायला काळ लागतो. तो काळ राजाज्ञेने आणता येत नाही.

मुंबईचा या नाण्याशी संबंध दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सत्तर वर्षं आला. इथिओपियाच्या सम्राट तेवोद्रोसने काही युरोपीय लोकांना आणि इंग्रज वकिलाला कैदेत टाकलं, तेव्हा त्यांना सोडवायला १८६७ मध्ये मोहीम निघाली ती मुंबईहून. सेनापती होते मुंबई लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर. सुमारे १३ हजार सैनिक, त्यांच्या दुपटीने बाजारबुणगे आणि मजूर, हजारो खेचरं, बैल, उंट आणि ४४ हत्ती, एवढा सरंजाम, बराचसा मुंबई बंदरातून, जहाजांवर चढला आणि तांबड्या समुद्रातल्या झुला इथे उतरला. तिथून मॅग्डालाच्या डोंगरी किल्ल्यापर्यंत शेकडो मैलांची चढण होती. वाटेत धान्य, वैरण, ओझ्याची जनावरं विकत घ्यायची होती. लुटालूट केली असती तर सगळा मुलूख अंगावर आला असता, म्हणून नेपियरने रोख मोजून माल घेण्याचं धोरण धरलं. रोख कशात, तर मारिया थेरेसात. त्या डोंगरात इंग्रजी सोन्याचा सॉव्हरिन कुणी घेत नव्हतं, रुपया घेत नव्हतं. म्हणून थालर गोळा करण्यासाठी युरोप-इजिप्तचे बाजार पालथे घातले गेले आणि व्हिएन्नाच्या टांकसाळीला लाखो जादा नाणी पाडावी लागली. १३ एप्रिल १८६८ रोजी मॅग्डाला पडलं आणि तेवोद्रोसने आत्महत्या केली. फौज परत फिरली. थालर मात्र त्या डोंगरांतच राहिले. कुठे घड्यांत पुरले गेले, कुठे दागिन्यांत ओवले गेले.

१९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपिया गिळायची तयारी केली, तेव्हा त्यालाही हेच कळलं: सैन्य आत घालायचं तर थालर हवेत. त्या वर्षी ऑस्ट्रियाने ठसे आणि नाणी पाडण्याचा हक्क २५ वर्षांसाठी इटलीला दिला. रोमच्या टांकसाळीत नाणी पडू लागली. थालर मिळण्याची मुख्य वाट आता इटलीच्या हातात होती आणि अरबस्तान, एडन, येमेनशी व्यापार करणाऱ्यांची कोंडी झाली. लंडन, पॅरिस आणि ब्रुसेल्सच्या टांकसाळींनी मग स्वतःच तो ठसा कोरून घेतला. लंडनचा युक्तिवाद सरळ होता. जे नाणं ऑस्ट्रियातच चलन नाही, त्याला दुसऱ्याचं चलन कसं म्हणायचं? दीडशे वर्षांपूर्वी जिचं राज्य संपलं, त्या राणीच्या मुखड्यावर आता चार राजधान्या दावा सांगत होत्या.

जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि पूर्व आफ्रिका रणभूमी झाली. इंग्रजांना इथिओपियातल्या इटलीविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांना साथ द्यायची होती, माल विकत घ्यायचा होता, वाटाडे आणि उंटवाले लावायचे होते. जानेवारी १९४१ मध्ये इथिओपियाचे परागंदा सम्राट हायले सेलासी सुदानमधून आपल्या देशात परतले, तेव्हा त्यांच्या मागे उंटांवर थालरच्या पेट्याही चालल्या होत्या. एवढी नाणी लंडनहून आणायची म्हणजे पाणबुड्यांच्या समुद्रातून यावं लागणार होतं. तांबड्या समुद्राला जवळची मोठी टांकसाळ होती ती मुंबईची.

ही टांकसाळ एशियाटिकच्या टाउन हॉलजवळच, १८२० च्या दशकात उभी राहिली. वाफेच्या यंत्रांनी नाणी पाडण्याचा शंभर वर्षांचा हात तिच्याकडे होता. चांदी वितळवून पट्ट्या ओढायच्या, त्यांतून चकत्या कापायच्या, एकेक तोलून घ्यायची, कडेवर अक्षरं उठवायची आणि मग दोन ठशांच्या मध्ये दाबायची. हे काम पिढ्यान्पिढ्या केलेले कामगार आता रुपयाच्या ऐवजी विधवा सम्राज्ञीचा मुखडा उठवत होते. साल अर्थात १७८०. मुंबई हे नाव नाण्यावर कुठेही नाही.

त्याच सुमारास त्याच टांकसाळीत आपल्या रुपयाचं काय झालं, तेही सांगायला हवं. युद्धाच्या धास्तीने लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घरात दडवायला सुरुवात केली होती. सरकारने १९४० मध्ये रुपयातली चांदी बारा भागांत अकरा होती ती अर्ध्यावर आणली आणि एक रुपयाची नोट पुन्हा बाजारात आणली. म्हणजे ज्या वर्षी इथल्या माणसाच्या हातातल्या रुपयाचा कस निम्मा झाला, त्याच वर्षी त्याच छपराखाली इथिओपियाच्या शेतकऱ्यासाठी सहापैकी पाच भाग चांदीचं नाणं, एक गुंजही कमी न करता, पाडलं जात होतं. इथल्या माणसाला कायद्याने रुपया घेणं भाग होतं. तिथल्या शेतकऱ्याला कुणीच भाग पाडू शकत नव्हतं, म्हणून त्याच्यापुढे खरा कस ठेवावा लागला. आपला रुपया उतरवताना सरकारने कुणाला विचारलं नाही, ही खंत ते दुसरं नाणं हातात घेतल्यावर मनात येतेच.

पूर्व आफ्रिकेच्या त्या मोहिमेत मराठी माणूसही होता. फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरनच्या खिंडीत इटलीच्या सैन्याशी घनघोर लढाई झाली आणि त्यात मराठा पलटणीने उभ्या कड्यांवर चढाई करून रक्त सांडलं. केरन हे नाव आजही मराठा रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत आहे. मे महिन्यात हायले सेलासी अदिस अबाबात परतले. १९४५ मध्ये इथिओपियाने स्वतःचं नवं चलन आणलं आणि लोकांनी ते स्वीकारावं म्हणून त्यातलं पन्नास सेंटचं नाणं चांदीचं ठेवलं. येमेनच्या बाजारात थालर साठच्या दशकापर्यंत चालत राहिला.

इटलीला दिलेल्या हक्काची मुदत संपली, लंडन आणि इतर ठिकाणचे ठसे थांबले, आणि १९६१ नंतर हे नाणं पुन्हा फक्त व्हिएन्नात पडू लागलं. तिथे ते आजही पडतं. आजवर एकूण ३८ कोटींहून अधिक थालर पाडले गेले असा हिशेब आहे. आता ते संग्राहक आणि चांदीत पैसा गुंतवणारे घेतात. संग्राहकांचा खरा आनंद ओळखण्यात असतो. सगळ्या नाण्यांवर १७८०, म्हणून भिंगाखाली गरुडाच्या शेपटीतली पिसं, पिनेतल्या मोत्यांचा आकार, अक्षरांमधले ठिपके ताडून बघायचे. त्या केसाएवढ्या फरकांवरून हे लंडनचं, हे रोमचं आणि हे मुंबईचं असं वेगळं काढायचं. मुंबईच्या ठशाकाराच्या हाताची खूण शोधायची ती अशा जागी.

पण मुंबईच्या पावणेदोन कोटींहून अधिक राण्यांतल्या बऱ्याच भिंगाखाली येण्याआधीच वितळल्या असणार. येमेन, ओमान आणि इथिओपियाच्या सोनारांनी पिढ्यान्पिढ्या हेच नाणं आटवून कडी, हार, खंजिरांच्या मुठी घडवल्या. काही नाण्यांना नुसतं कडं बसवून ती गळ्यात घातली. आपल्याला हे नवं नाही. आपल्या आज्यांच्या पुतळी हारातली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, त्यावरच्या मानवी आकृतींवरून तिला पुतळी नाव पडलं. समुद्रापलीकडून आलेलं, कसाला खरं उतरलेलं नाणं इथल्या बाईने गळ्यात घातलं आणि तो आपलाच दागिना झाला. तसंच तांबड्या समुद्राच्या काठी कुणाच्या तरी आजीच्या पेटीत एक चांदीचा हार असेल. त्याच्या मधोमध ओढणी घेतलेली विधवा राणी असेल, आणि तिची चांदी फोर्टातल्या त्या टांकसाळीत, मुंबईच्या कामगारांच्या हातांनी, १७८० सालाची छाप घेऊन निघालेली असेल.